बनावट

फोटो तळहाताएवढा. कडा नागमोडी कातरलेल्या,
तेव्हा तशी पद्धत होती.
मागे पेन्सिलीनं : ओरेटीचा किनारा, फेब्रुवारी.
साल लिहायचं राहिलं,
किंवा लिहायची गरज वाटली नसेल.

गाडी अर्धीच आलीय.
पुढचं एक चाक, लांबुडकं नाक, आडवी पाडलेली काच,
आणि आत आजी, डोक्याचा रुमाल सुटायच्या बेतात,
एवढी हसतेय की तिला ओळखायलाच
मला गाडीपेक्षा जास्त वेळ लागला.
आजोबा नाहीत. म्हणजे कॅमेऱ्यामागे असणार;
वाळूवर हॅट घातलेली एक सावली आहे.

क्लाइव्ह म्हणाला, एमजी. बघताक्षणी.
माझा भाऊ सगळंच बघताक्षणी ओळखतो,
दोन बायका त्यानं तशाच ओळखल्या होत्या.
आईनं चष्मा पुसला, काळ्यापांढऱ्यावर बोट ठेवलं,
म्हणाली, लाल होती. बास, एवढंच.
मग मी इन्व्हरकार्गिलच्या ग्रंथालयातून जाडजूड पुस्तकं आणली,
जेवणाच्या टेबलावर भिंग घेऊन बसले,
बॉनेटवरच्या फटी मोजल्या : तेरा, सातवी जरा वाकडी.
रायलीशी जुळेनात. सिंगरशी जुळेनात.
एमजीशीही जुळेनात, हे क्लाइव्हला दोनदा सांगितलं.

एरू रटीमा ब्लफला राहतो.
चाळीस वर्षं बोटींची इंजिनं दुरुस्त केली,
आता हात थरथरतात म्हणून नुसता बघतो.
फोटो त्यानं खिडकीशी धरला. बाहेर दक्षिणेचा गार वारा
धक्क्यावरच्या दोरखंडांतून शिट्ट्या मारत होता.
बराच वेळ गेला.
"चाकं ऑस्टिन सेव्हनची.
जाळी कुठल्या तरी ट्रकची, खालून कापलेली.
दिवे दोन घरचे. डावा बघ, केवढा थोराड.
नाक विमानाच्या टाकीतून ठोकून काढलंय;
युद्धानंतर भंगारात मिळायच्या टाक्या,
आमच्याकडे एक होती, कोंबड्यांच्या पाण्याला."
मी विचारलं, पण बनावट कुठली?
"बनावट?" तो हसला. "मागच्या शेडमधली.
बाहेरून गाडी आणायची तर पैसा लागायचा,
कागद लागायचे, वर कुणाची तरी ओळख.
हातोडीला यातलं काही लागत नाही."
मग भिंग जरा खाली सरकवत :
"आणि ही गिअरची मूठ मोटारीची नव्हेच.
ही दाराची आहे."

भिंग मी त्याच्याकडून जवळजवळ हिसकावलं.
पांढरी, चिनीमातीची, कमरेला बारीक रेघ,
एका बाजूला नखाएवढा टवका.

विंटनच्या घरात कोठीच्या दाराला मूठ नव्हती.
एक सुतळी होती, गाठ मारलेली,
ती ओढून आम्ही लहानपणभर बिस्किटं चोरली.
बाकीच्या सहा दारांना पांढऱ्या मुठी, निळ्या रेघेच्या.
दर रविवारी, बशीत बटाटे वाढता वाढता, आजी :
कुठे गेली असेल बाई ती मूठ!
आजोबा काट्यानं वाटाणे टिपत : आणतो. शनिवारी आणतो.
तीस वर्षं तो शनिवार उजाडला नाही,
आणि आम्ही पोरं एकमेकांकडे बघायचो, झालं, भांडण सुरू.

फोटोत आजीचा हात त्या मुठीवरच आहे.
अंगठा बरोबर टवक्याशी.

गाडीचं पुढे काय झालं, आईला आठवत नाही.
विकली असेल. गंजली असेल, या खाऱ्या हवेत काय टिकतं.
घरही गेलं; नव्या माणसांनी दारं बदलली म्हणे.
फोटो परत देताना एरूनं विचारलं,
आता मागे नाव काय लिहिणार?

मी अजून काही लिहिलेलं नाही.
क्लाइव्हनं त्याच्या प्रतीवर लिहिलंय, शाईनं :
एमजी.